दारातल्या तीन पायऱ्या

सांगली, रविवार संध्याकाळ

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुन्हा रॅम्पचा विषय काढला. फौजेत पाय गेले, तेव्हापासून मी व्हीलचेअरवर. लिफ्टनं खाली येतो आणि दारातल्या तीन पायऱ्यांशी अडतो. रॅम्प द्यायलाच हवा, असा कायदा आहे. तो वाचूनही दाखवला.

चेअरमन म्हणाले, "आवं सुभेदार, कायदा कशाला? आमी चौघं हाय की उचलायला! झेंडावंदनाला दरसाल उचलून आणतोच न्हवं?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विषय संपला. टाळ्या कसल्या वाजवता? एरवी दूध आणायला जायचं तर कुणाला हाका मारू? तीनच तर पायऱ्या!

चौघांनी उचलून न्यायची वेळ एकदा येणारच आहे. तोवर माझं मला जाऊ द्या की.