काळी शिळा आणि जळकं ऑईल

मी, सटवाजी ज्ञानोबा केंद्रे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फरशीविक्री, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने किंवा कुणाच्या शिकवणीने नव्हे, तर स्वतःच्या अकलेने करून ठेवतो. अक्कल ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. आदिनाथ पांचाळ यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. कानांचा दाखला मी मागितला नव्हता. पण मी दाराबाहेर चपला घालत असताना डॉक्टर आत कंपाउंडरला "म्हातारं लई पक्कं हाय" असे हळूच म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आले, तेव्हा तोही दाखला मिळाला असे धरावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुणी जुना कागद काढून दाखवला तर तो खोटा समजावा.

मी बोललो आणि ॲड. उज्वला सोनटक्के यांनी लिहिले. मधे मधे त्या "आबा, हे कायद्यात बसत नाही" म्हणाल्या. जे बसले नाही तेही मी लिहायला लावले आहे.

१. अहमदपूरचे राहते घर माझी पत्नी सौ. रुक्मिणबाई हिच्या हयातीत पूर्णपणे तिचे राहील. तिला विचारल्याशिवाय कुणी भिंत पाडू नये, खोली वाढवू नये, भाडेकरू ठेवू नये. हे तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "घर देऊन राहिले मोठे! आधी न्हाणीचा नळ दुरुस्त करा." नळ दुरुस्त केला आहे. तिच्यामागे घर सुदर्शन व अयोध्या या माझ्या दोन लेकरांना निम्मे निम्मे जावे. अयोध्या मुखेडला दिलेली आहे, तिला आता काय करायचे, असे बोलणारे भावकीत आहेत. त्यांच्यासाठी सांगतो की तिला मी बारावीनंतर शिकवले नाही. ती हुशार होती, मीच घाई केली. निम्मे घर ही त्याची भरपाई होत नाही, तरी ते तिचे आहे.

२. बँकेतल्या ठेवी पत्नीच्या नावे लावलेल्याच आहेत. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

३. बसस्टँडमागचा फरशीचा अड्डा, त्यावरील शेड, कटिंग मशीन व टेम्पो चिरंजीव सुदर्शन यास. हा अड्डा मला कुणी दिलेला नाही. मुखेडच्या बाजारात मी शहाबादी फरशीच्या गाड्या उतरवायची हमाली करत होतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर किल्लारीकडे गावेच्या गावे नव्याने वसू लागली, तेव्हा फरशीला मागणी आली आणि मी उधारीवर पहिली गाडी आणली. लोकांची घरे पडली म्हणून माझे उभे राहिले, हे मी कधी विसरलो नाही. त्या भागातले गिऱ्हाईक आले की सुदर्शनने घासाघीस करू नये.

माझी छोटी हातोडीही त्यालाच. फरशी उभी धरून कडेला हातोडी टेकवली की चांगला दगड ठण्ण वाजतो. आत बारीक भेग असेल तर आवाज बसका येतो, डोळ्याला काही दिसत नसले तरी. हे मी त्याला शंभरदा शिकवले, पण त्याच्या एका कानाला कायम मोबाईल असतो. मोबाईल खिशात ठेवून ऐकावे, एवढीच अट.

४. गावातले दुसरे फरशीवाले श्री. हरिओम बिरादार यांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही. बसस्टँडजवळच्या हॉटेलात दहा वर्षांपूर्वी ते चार माणसांत म्हणाले होते, "सटवाजीचा माल दगडावर न्हाई, ऑईलवर चमकतो." मी तीन बाकडी सोडून पाठमोरा बसलो होतो. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतेसुद्धा बोललो नाही. आज ते या कागदाचे साक्षीदार आहेत. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. ज्याला नक्की काही द्यायचे नाही असा भरवशाचा माणूस आठवू लागलो, तर पहिले नाव त्यांचेच आले. निरोप गेल्यावर ते आले, हा त्यांचा मोठेपणा.

आणि त्यांचे ते बोलणे खरे होते. कसे, ते पुढे येते.

५. परसातली काळी शिळा अयोध्याची मुलगी चि. शिवांगी हिला.

ही शिळा कर्नाटकात सेडमकडच्या गुरम्मा नावाच्या मालकिणीच्या खदानीतली आहे. त्या खदानीत अगदी तळाला काळा, घट्ट दगड लागायचा. आता खदान बंद पडून पाण्याने भरली आहे, त्या थरातले दुसरे काही कुणाकडे उरलेले नाही. दोन फूट जाड शिळा मी केवळ तिच्या आवाजासाठी घरी आणली होती. रुक्मिणबाई तिच्यावर मिरच्या वाळवते. सुदर्शनला ती कापून स्वयंपाकघराचा ओटा करायचा आहे.

शिवांगी बंगळूरला दगडांवर पीएचडी करते. याच शिळेवर बसून तिने मला तिचे काम समजावले होते. मी विचारले, "दगडात काय शोधतीस? शिंपले?"

"न्हाई आबा, डोळ्याला दिसणारं काहीच नाही. जीव मेला, कुजला, तरी त्याच्या चरबीचा, रंगाचा बारीक सांगाडा चिखलात राहतो. चिखलाचा दगड झाला तरी टिकतो. रेणूंचे जीवाश्म म्हणतात त्याला. मशीनमध्ये घातल्यावर कळतं कुणाचा आहे."

"कळून काय करायचं?"

"काही जिवाणू असे असतात की त्यांना ऊन पाहिजे आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा गंधकाचा वायू पाहिजे. प्राणवायू असेल तिथं ते वाढत न्हाईत. त्यांच्या रंगाचा अंश दगडात सापडला, तर समजायचं की त्या समुद्रात ऊन पोचत होतं तेवढ्या वरच्या पाण्यातसुद्धा प्राणवायू संपला होता."

मी म्हणालो, "म्हणजे आपल्या जुन्या आडासारखं. उपसा बंद झाला अन् वरच्या पाण्यालाही वास मारायला लागला."

"हाव, तसंच. फक्त अख्ख्या समुद्राचं. आजचे समुद्रही तापून राहिलेत, त्यांच्यातला प्राणवायू कमी होऊन राहिलाय. आधी झालं तेव्हा कसं झालं, ते बघायचंय."

मी हमाल माणूस. जन्मभर ज्याच्यावर पाय दिला तो समुद्राचा चिखल होता, हे मला नातीने सांगितले.

६. आता माझी चूक. हे कलम नीट वाचावे.

मागच्या वर्षी शिवांगीने त्या काळ्या थराचे दोन तुकडे मागितले. खदानीचे उरलेले दोन लहान तुकडे अड्ड्यावर होते. तिने फोनवर बजावले होते, "आबा, हात लावू नका, चिमट्यानं उचला, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा." कागद मी नवा आणला, चार पदर गुंडाळले. पण त्याआधी, नातीच्या कॉलेजात आपल्या अड्ड्याचा दगड जाणार, तो मातकट कसा पाठवायचा म्हणून, त्याच्यावर जळक्या ऑईलचा फडका फिरवला. इंजिनातून काढलेले काळे ऑईल आम्ही फरशीवाले डब्यात भरून ठेवतो. फडका मारला की करडा दगड काळाशार दिसतो. सोयऱ्याधायऱ्यांचा माल असेल तर दोनदा मारतो. मी दोनदा मारला.

तुकडे पोचले. आधी तिला खूप काही सापडले, तिने हरखून फोनही केला होता. मग तिच्या सरांनी बाहेरचा आणि आतला भाग वेगळा तपासायला लावला. जे होते ते बाहेरच जास्त, आत कमी. इंजिनाचे ऑईल खनिज तेलाचे, आणि खनिज तेल हेसुद्धा जुन्या पाण्यातल्या जिवांचेच. त्यामुळे त्यातही तसलेच सांगाडे असतात. मशीनने वाचले ते माझ्या डब्यातले, दुसऱ्याच कुठल्या समुद्राचे.

हे तिने मला सांगितलेले नाही. यंदा महालक्ष्म्यांना ती घरी आली होती, तेव्हा परसात फोनवर बोलताना मी ऐकले. ती म्हणत होती, "सर, खनिज तेलातही तसलेच सांगाडे असतात, ते माझ्याच हातून कुठून तरी लागलं असेल. मी परत सगळं पहिल्यापासून करते. न्हाई सर, निष्काळजीपणा न्हाई, खरंच न्हाई." मी खिडकीच्या आत उभा होतो. मला सगळे समजले. नंतर जेवायला वाढताना मी तिला पुरणपोळी जास्त वाढली आणि काही बोललो नाही.

तरी मी असे जाहीर करतो की दोष तिचा नाही, माझा आहे. शिळा मी काल चारी कडांनी हातोडीने वाजवून पाहिली. कुठेही आवाज बसका नाही. भेग नाही म्हणजे आत काही झिरपलेले नाही. वरचा वीतभर भाग कापून टाकावा, आतला दगड कुणाचा हात न लागलेला मिळेल. त्यात तिला हवे ते सापडेल की नाही, मला ठाऊक नाही.

७. हे इथवर लिहून झाल्यावर वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. "आबा, हा कागद तुमच्या मागं उघडणार. तवर पोरीनं सरांना काय सांगायचं?"

मी म्हणालो, "लिहून तर दिलं की."

त्यावर हरिओम, जे दहा वर्षांत माझ्याशी बोलले नव्हते, ते म्हणाले, "सटवाजी, मेल्यावर खरं बोलायला हिंमत लागत न्हाई. लाव फोन."

दुसरे साक्षीदार म्हणून बसलेल्या डॉक्टरांकडे मी पाहिले. ते छताकडे पाहत होते.

फोन लावला. सगळे सांगितले, फडका दोनदा मारला आणि महालक्ष्म्यांना खिडकीतून ऐकले हेसुद्धा. मग ती म्हणाली, "अडीच महिने, आबा?"

"हाव."

"मी रोज रात्री माझेच हातमोजे आठवून राहिले, कुठं चुकले म्हणून."

वकीलबाईंनी तेही लिहून घेतले आहे.

मग तिचा आवाज बदलला. "आबा, तो ऑईलचा डबा अजून आहे? त्यातलंच आहे? कुणी नवीन ओतलं न्हाई ना?" मी म्हणालो, तळाला आहे, त्यातलेच. "त्याला कुणाला हात लावू देऊ नका. नमुना भरायला बाटली काचेची घ्या, प्लॅस्टिकची नको. दगडावर जे सापडलं ते अन् डब्यातलं जुळलं, तर मला सरांपुढं सिद्ध करता येईल." फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "मी रागात हाय, हे पण लिहा." लिहिले.

सबब, काळी शिळा व ऑईलचा डबा या दोन वस्तू मी या मृत्युपत्रातून काढून घेत आहे, त्या माझ्या मरणाची वाट पाहणार नाहीत. कलम पाच आणि डब्यापुरते कलम तीन रद्द. उद्या सकाळी सुदर्शन टेम्पो बंगळूरला नेईल. मी सोबत जाईन आणि तिच्या सरांसमोर कलम सहा स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवीन. अड्ड्यावर यापुढे कुणीही दगडाला ऑईल लावू नये. दगड जसा आहे तसा विकावा.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. मी तो नीट ऐकला, समजला व दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या.

सही : सटवाजी ज्ञानोबा केंद्रे

साक्षीदार :
१. डॉ. आदिनाथ पांचाळ, अहमदपूर
२. हरिओम बिरादार, अहमदपूर (उद्या टेम्पोत मीही बसणार आहे. — ह. बि.)

लिहिणार : ॲड. उज्वला सोनटक्के

ठिकाण : अहमदपूर, जि. लातूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५