माझ्याच बशांत

३ मार्च
प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या हसऱ्याच्या (मी त्याला हेच म्हणते) बशा आजही स्वच्छ. माझ्या सगळ्या हिरव्या! त्याच पोत्यांतला गहू — अर्धा तो तपासतो, अर्धा मी. ओल्या टीपकागदावर दाणे मांडायचे, झाकायचे, बुरशी येते का बघायचं. यात त्याला वेगळं काय जमतं? गोदामवाल्यासोबत रोज चहा पितो. कुठेतरी पाणी मुरतंय.

घरी सासरे अर्धं ताट टाकून उठले. म्हणे मळमळतं. काम सांगितलं की यांना मळमळतं.

५ मार्च
हसऱ्या नसताना त्याचं कपाट उघडलं. धुतलेला एप्रन, साबण. बस्स. इतका नीटनेटका माणूस काहीतरी लपवतोच.

माझा एप्रन मी घरी नेते. इथे कुणाच्या भरवशावर ठेवायचा? स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीवर टाकला की माझ्या नजरेसमोर. कोठीतला गहू नमुन्यांतून उरलेला, मी स्वतः पास केलेला. हल्लीचा आणत नाही — बुरशीचा घरी कोण नेईल?

६ मार्च
साहेबांना सांगून टाकलं, हसऱ्या खराब दाणे वेचून फेकतो. म्हणाले, खरं निघालं तर त्याला घरी बसवतो. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू!

७ मार्च
हसऱ्याला कळलं. चिडला नाही, हसलाच. "ताई, दाण्यांशिवाय नुसत्या ओल्या कागदाची एकेक बशी ठेवू. काम करताना उघडी, मग झाकून. बुरशी दाण्यांतली की बाहेरची, ते कळेल." साहेबांना पटलं. यातही त्याचा डाव असणार. बशा कुलुपात ठेवायला लावल्या, किल्ली माझ्याकडे.

१२ मार्च
त्याची बशी कोरी. माझी हिरवी — एक दाणा नसताना! किल्ली तर माझ्याच पर्समध्ये होती. हसऱ्याने माझ्या एप्रनच्या बाहीकडे पाहिलं. "घरी हा कुठे ठेवता, ताई?"

घरी आल्या आल्या कोठी उपडी केली. तळाला गव्हाची हिरवी ढेप. कधी रिकामी करून पुसलीच नाही. वरून नवा गहू ओतायचा, खालच्या तोंडातून दळणाला काढायचा. मी कॅन्टीनमध्ये जेवते, नवरा परगावी. हे खाणारे एकटे सासरे.

१३ मार्च
सासऱ्यांना दवाखान्यात नेलं. डोळे पिवळे झालेत, मला आज दिसले. डॉक्टर म्हणाले, यकृत सुजलंय, बुरशीच्या धान्यानेही होतं; गहू कुठला खाता? सासरे माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाले, "सूनबाई स्वतः तपासून आणते."