अबिसिनियाच्या बाकासमोर

प्रिय शैलामावशी,

जे ठरवलं ते समोरच्याच्या तोंडावर सांगायचं, हा तुमच्या वर्गाचा नियम. तुम्हाला तोंडावर सांगायची सोय आता राहिली नाही, म्हणून हे पत्र. उद्या तुमच्या वर्गात 'जिनिव्हा' भरणार आहे, पहिल्यांदाच तुमच्याशिवाय. त्यावरून आज शाळेत माझी खडाजंगी झाली. ती तुम्हाला नाही तर कोणाला सांगू?

नवऱ्याच्या नोकरीमागे मी पुण्याहून इथे अमेरिकेत, एडिसनला आले आणि घरात बसून पार वैतागले होते. ओक ट्री रोडवरच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता तुम्ही म्हणालात, "इतिहासात बी.एड. आणि घरी बसलीस? सोमवारी माझ्या शाळेत, माझ्या वर्गात येऊन बस." आपली ओळख जेमतेम त्या जुडीएवढी! पुढे परीक्षा, परवाने, सगळं तुम्हीच मागे लागून करून घेतलंत.

तो पहिला जिनिव्हा मला अजून दिसतो. १९३५ सालची राष्ट्रसंघाची जिनिव्हातली सभा वर्गात भरवायची, एकेका मुलाला एकेक देश. इटलीच्या हुकूमशहाने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केलाय; बोला, काय करणार? मुलांनी काय तावातावाने भाषणं ठोकली! निषेध झाला, इटलीशी व्यापार बंद झाला. तेल मात्र चालू.

"तेल का सोडलं गं यांनी?" तुम्ही मला मराठीत पुटपुटलात आणि मग त्यांना इंग्रजीत विचारलंत.

"दे विल गेट मॅड!" ब्रिटन म्हणाला.

"वी आर नॉट ईव्हन मेंबर्स!" राष्ट्रसंघाबाहेरच्या अमेरिकेने हात झटकले. "मग तेल विकतंय कोण?" असं तुम्ही विचारल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दरवर्षी नवी मुलं, आणि दरवर्षी हीच चूक. जिनिव्हातल्या सुटाबुटातल्या मोठ्या माणसांनी तरी दुसरं काय केलं होतं?

पण तुमचा खेळ तिथे संपायचा नाही. प्रत्येक देशाने उठून अबिसिनियाच्या बाकासमोर उभं राहायचं आणि आपण काय ठरवलं ते तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं. त्या वर्षी अबिसिनिया होती मेगन, कधी तोंड न उघडणारी. ब्रिटन म्हणाला, "सॉरी, वी ट्राइड." मेगनने मान वर केली. "डिड यू?" फ्रान्सला तर पुढे जाववेचना. तुम्ही उपदेशाचा एक शब्द बोलला नाहीत. खऱ्या जिनिव्हात अबिसिनियाचा सम्राट स्वतः येऊन बोलला आणि तरी होती ती बंदीसुद्धा उठवली, एवढंच सांगितलंत. काय शिकवायचात हो तुम्ही!

आणि स्वतः? फोनवर नुसतं "जरा अशक्तपणा आहे गं." मग एके सकाळी तुम्ही गेल्याचा तुमच्या मुलाचाच फोन आला. सगळ्या वर्गाला तोंडावर बोलायला लावलंत, मग मला खरं तोंडावर का नाही सांगितलंत? रागावलेय मी तुमच्यावर.

तर आजचं ऐका. गेल्या वर्षी एक मुलगी रडत घरी गेली, अशी पालकांची तक्रार आहे. विभागप्रमुख गोड आवाजात म्हणाले, खेळ ठेवा, फक्त ते समोर उभं राहणं गाळा. मिडल ग्राउंड! इतकं समजूतदार वाटलं की मी मान डोलावणारच होते. मग आठवलं, अबिसिनियाचा मोठा लचका इटलीला देऊन टाकायचा, असं ब्रिटन आणि फ्रान्सच्या दोन मंत्र्यांनी गुपचूप ठरवलं होतं, तेही असंच समजूतदारपणे. आणि अबिसिनियाला विचारलं कोणी होतं?

मी म्हटलं, "ठीक आहे. पण उद्या हे तुम्ही स्वतः वर्गासमोर उभं राहून मुलांना सांगा." त्यांनी पेनचं टोपण लावलं. म्हणाले, "आय विल सिट इन, देन." म्हणजे खेळ आहे तसाच, ते फक्त बघायला बसणार. मी म्हटलं, जरूर या, पण नुसतं बसता येणार नाही. ब्रिटनची जागा रिकामी आहे!

हसलात ना? हसाच.

वचन देते मावशी, मी या वर्गात आहे तोवर अबिसिनियासमोर उभं राहिल्याशिवाय कोणाची सुटका नाही, प्रमुखांचीही नाही. उद्या मुलं गेली की तुमच्या त्या करकरणाऱ्या खुर्चीसमोर मी उभी राहीन. मला माणसात आणलंत तुम्ही, हे तुम्हाला कधीच म्हटलं नाही. तुम्ही खरं सांगितलं असतंत तर त्याच दिवशी धावत आले असते आणि तुमच्या डोळ्यांत बघून म्हटलं असतं.

तुमची,
मानसी