कोटाचं तिसरं बटण

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तू छापलेली चाचणीची पट्टी काल दुपारी पोचली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चौकोन एकवीस आहेत, आणि सौ.ने ते दोनदा मोजून खात्री केली आहे. मागाहून वाद नको. पाकिटातल्या चिठ्ठीवर तू मला नुसतं ‘स. न. वि. वि.’ लिहिलंस. असं मला पाणीपुरवठा खातं लिहितं. असो.

मीटर लावून प्रत्येक चौकोनाचा काळेपणा मोजला. आकडे मागे आहेत. सोळापर्यंत ठीक. सतरा ते एकवीस, पाचही एकसारखेच काळे. म्हणजे तुझा प्रिंटर या कागदावर गरजेपेक्षा जास्त शाई ओततो, आणि जुन्या निगेटिव्हवरून तू छापलेल्या फोटोत बाबांचा काळा कोट मागच्या काळ्या पडद्यात बुडतो. फोटोत बटण नाही असं तू आईला सांगून मोकळा झालास, ते मागे घे. ते शाईखाली असू शकतं.

स्टुडिओच्या वाटणीत काकांनी तुला प्रिंटर दिला आणि मला मीटर व बाबांचं टेबल. त्यांच्या मते ही समान वाटणी. त्यानंतर सहा वर्षं आपण बोललो नाही, तेही समसमान.

तुझा धाकटा भाऊ

८ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

आशीर्वाद. तक्रारीची नोंद घेऊन मायना बदलला आहे.

काळी शाई कमी केली. नवी पट्टी सोबत आहे. छापून पूर्ण एक दिवस वाळवली, तेव्हा ओली पाठवली म्हणू नकोस. हे आकडे नीट आले की संगणक त्यावरून या कागदाचं प्रोफाइल बनवेल, म्हणजे कुठल्या छटेला किती शाई सोडायची ते प्रिंटरला कळेल.

आता आईचं. डावा डोळा गेलाच. उजवा, डॉक्टर म्हणतात, फार तर दोन महिने. ती रोज सकाळी भिंग घेऊन भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहते. हकीकत तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण मला ती रोज ऐकावी लागते. स्टुडिओ उघडला त्या सकाळी कोटाचं तिसरं बटण हरवलं, तिने स्वतःच्या स्वेटरचं चॉकलेटी बटण काढून घाईघाईने लावून दिलं, आणि मग बाबांनी स्वतःचा फोटो काढला. बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले, की बटण लावलंच नव्हतंस, मी तसाच उभा राहिलो. डोळा आहे तोवर तिला ते बघून घ्यायचंय.

दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

काळी बाजू सुधारली. एकवीसही चौकोन वेगवेगळे आले. आता पांढरी बाजू बिघडली आहे. कोऱ्या कागदाचाच आकडा मळका येतो. पहिल्या पट्टीतही तसाच होता, पण काळ्याच्या भानगडीत माझं लक्ष गेलं नाही.

तू कागद कुठून आणतोस हे विचारायचं नाही असं सौ.ने बजावलं आहे, म्हणून विचारत नाही. याखाली दोन ओळी होत्या, त्या तिने खोडायला लावल्या. उजेडासमोर धरल्यास दिसतील.

आईला सांग, बटणाच्या बाबतीत मी इतकी वर्षं बाबांच्या बाजूचा होतो. सध्या तटस्थ आहे.

तुझा धाकटा भाऊ

१७ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

उदंड आयुष्य. अक्षर मोठं आहे, कारण मी काय लिहिते ते मलाही दिसायला हवं.

दादाने तुझं पत्र वाचून दाखवलं, खोडलेल्या ओळींसकट. कागद चांगला आहे. पातळ आहे, कारण जाड मीच नको म्हटलं. तू पट्टी बाबांच्या टेबलावर ठेवून मोजतोस ना? डार्करूममध्ये उजेड उलटून येऊ नये म्हणून त्यांनी त्याला काळा रंग दिला होता. पातळ कागदातून तो काळा वर येतो. त्या टेबलावर मी वीस वर्षं फोटो कापलेत. पट्टीखाली तसलेच चार कोरे कागद घाल. सोबत पाठवते.

पत्र जायला चार दिवस, यायला चार दिवस. माझ्याकडे असे फार चार-चार दिवस नाहीत. मोजून झालं की ते मीटर घेऊन इकडे ये.

आई

२२ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

टेबलच होतं. चार कागद घालून मोजलं, पांढरं पांढरं आलं. आकडे सोबत. त्या दोन ओळी मागे घेतो. पुन्हा उजेडासमोर धरू नयेस.

रविवारी, ४ मार्चला, सकाळच्या बसने मीटर मांडीवर घेऊन येतो. प्रोफाइल बसलं की नाही, हे ताजी पट्टी मोजल्याशिवाय कळत नाही. तेवढ्याच कामासाठी येतोय. परतीचं तिकीट काढलेलं नाही, कारण खिडकी बंद होती.

टिल्लू

२७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,

अनेक आशीर्वाद.

प्रोफाइल तयार झालं आणि काल फोटो छापला. पडदा एकविसाव्या चौकोनाइतका काळा, कोट एकोणिसाव्या. तिसरं बटण आहे, सतराव्या. तुझ्या वहिनीने भिंगाने पाहून दुजोरा दिला. आमचं एकमत सहसा होत नाही. निगेटिव्हवर ते पहिल्यापासून होतं. मग छापताना बाबांनी कोट इतका काळा का केला, हे आता त्यांना विचारता येत नाही.

आईला अजून दाखवलेलं नाही. शाई वाळायची आहे असं सांगितलंय. शाई एका दिवसात वाळते हे तिला माहीत आहे, आणि तिला ते माहीत आहे हे मला माहीत आहे. तरी तुझ्यासाठी थांबली आहे.

रविवारी दहाला पोचशील. अकराला पुढच्या खोलीच्या खिडकीत उजेड चांगला असतो, तेव्हा फोटो तिथे लावू. मी तीन खुर्च्या मांडणार होतो. वहिनी म्हणते, आईपुरती एक बस झाली, तुम्ही दोघं उभ्यानेच भांडता.

लोभ किती उरलाय ते मीटरशिवाय नक्की सांगता येत नाही. आहे तेवढा असू द्यावास.

दादा

ता. क. आईने भिंतीवरचा बाबांचा जुना फोटो काढून, पुसून, खिडकीकडे तोंड करून ठेवायला सांगितलाय. रविवारी अकराला त्यांनीही बघावं म्हणते.