हौदातली बत्ती

देवास,
ता. ११ एप्रिल १९५४

गं. भा. सुमंगलाताईस,
चिंतामणीचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. मालनचं लग्न ठरलं, मुलगा मनावर गावात शाळामास्तर आहे, हे वाचून फार बरं वाटलं. इथे सर्व ठीक. संस्थान गेलं तरी वीजघरातली माझी नोकरी टिकून आहे. साहेब बदलले, शिव्या त्याच.

आता तुझ्या कामाचं. बागेतल्या हौदात पाण्याखाली पुन्हा उजेड हवा आणि तो स्वस्तात हवा, असं लिहिलं आहेस. इंदूरच्या जुन्या बाजारात मोटारीचा पुढचा दिवा मिळतो. काच जाड असते आणि तो मोटारीच्या बॅटरीवर चालतो. त्या विजेने मुंगीही मरायची नाही. बॅटरी तीन दिवसांपुरती भाड्याने आणता येईल. त्याहून स्वस्त म्हणजे हौदाच्या काठावर, पाण्याबाहेर, कंदील ओळीने ठेवायचे. मला विचारशील तर कंदीलच ठेव. वऱ्हाडी काही हौदात डोकं घालून बघणार नाहीत.

पण पुढे तू लिहिलंस, "तू केलेली काचेची बरणी माळ्यावर तशीच आहे. इथला कुणी वायरमन बोलावून तीच लावते, म्हणजे खर्चच नाही. ह्यांना जिथून देवाने नेलं, तिथे लेकीच्या लग्नात अंधार नको." हे वाचल्यापासून चार दिवस मी पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे.

ती बरणी लावू नकोस. फोडून टाक.

कारण सांगितल्याशिवाय तू ऐकायची नाहीस, लहानपणापासून हट्टी. म्हणून सांगतो.

त्या अनंत चतुर्दशीला सकाळीच मला बरणीत आतून थेंब दिसले होते. लोणच्याची बरणी, तिच्यात घरच्या विजेवरचा दिवा, आणि तोंड बांगड्यांच्या लाखेने बंद केलेलं. अक्कल सगळी माझीच. लाख तडकली होती. बरणी बाहेर काढली असती तर संध्याकाळी हौद अंधारात राहिला असता आणि गावभर मारलेली माझी फुशारकी फुकट गेली असती. आजचा दिवस निघून जाईल, असं म्हटलं. आरती झाली. दाजी गणपती घेऊन निघाले, तेव्हा मानाजी माळ्याने विचारलं सुद्धा, "भिया, दाजीसाब पानी में उतर रिये हैं, बत्ती बंद कर दूं?" मी म्हणालो, "रेने दे, विसर्जन उजाले में होने दे."

दाजी तिसऱ्या पायरीवर ताठ झाले. मी धावत जाऊन आधी खटका बंद केला, मग हाका मारल्या. खटका का बंद केला, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मानाजीला कळलं असावं, पण तो तोंड न उघडताच वारला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हटलं, सगळ्यांनी मान डोलावली. "केवढे पुण्यवान, हातात गणपती असताना गेले," हे वाक्य आज तुमचं सगळं धार गाव म्हणतं. पहिल्यांदा ते मी म्हणालो, ताई. तू तेवढ्या वाक्याच्या आधारावर पाच वर्षं काढलीस, आणि मी दर गणपतीला न येण्याची नवी सबब शोधली.

अजूनही गप्प बसलो असतो. मी भित्रा आहे, तुला ठाऊक आहे. पण लग्नात कुणी ना कुणी पाय धुवायला त्या पायऱ्या उतरेल, मालनही उतरेल, आणि दुसऱ्यांदा ते माझ्याच्याने सहन व्हायचं नाही.

मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं. त्यासाठी तू मला आठ दिवस आधी बोलावलं आहेस. ज्याने तिचा बाप घालवला, त्याच्या हातात तिचा हात द्यायचा का, हे तूच ठरव. बोलावलंस तर येईन. तुझं पत्र आलं नाही, तर तेच उत्तर समजेन.

अजून म्हणू देशील तर,
तुझा भाऊ
चिंतामणी