चाकाचा सांधा

लेस्टर, गुरुवार संध्याकाळ

टक्. वळताना डाव्या पुढच्या चाकातून पुन्हा तोच आवाज. सकाळीच गॅरेजमध्ये ट्रॅकिंग करून चाकं सरळ केली, तरी गाडी डावीकडे ओढतेच. मी मेकॅनिकला विचारलं, "बॉल जॉइंट हलवून पाहिलात का?" तो यांच्याकडे बघून म्हणाला, "ऑल डन, डॉक्टर." प्रश्न माझा, उत्तर यांना! सांधाच ढिला असेल, तर सरळ केलेली चाकं सरळ राहतील कशी?

हे म्हणाले, "अगं, रस्त्यालाच उतार आहे." आयुष्यभर लोकांच्या खुब्याचे झिजलेले सांधे बदलले, तेच हे! म्हटलं, "अहो, पेशंट टक् टक् करत आला असता, तर नवे बूट घालून घरी पाठवला असतात?" हसले आणि गाडीतला रेडिओ मोठा केला.

उद्या नातीला घेऊन मोटरवेने साउथहॅम्प्टनला जायचंय म्हणे. भर वेगात सांधा निखळला तर? किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली आहे. शोधू देत.

आत्ताच नात खालून ओरडली, "आजी, आम्ही पेट्रोल भरून येतो, ओके?"

यांच्या कोटातली दुसरी किल्ली! विसरलेच कशी मी? खिडकीशी धावले, तोवर गाडी कोपऱ्यावर वळत होती.

टक्.