खिडकीवरचे राजहंस

३ जून, सोमवार

खिडक्या बदलल्या! बटाट्यांना माती लावून परसातून पुढे आले, तर घराचा चेहराच गेलेला. रिम्मानं शहरातून माणसं पाठवली होती, प्लास्टिकच्या खिडक्या घेऊन. लेकीची भेट! फोनवर किती खुशीत होती — "आई, आता हिवाळ्यात फटींत कापूस कोंबायला नको."

खिडक्यांना बाहेरून लावलेल्या, माझ्या नवऱ्यानं, येफिमनं कोरलेल्या तिन्ही नक्षीच्या चौकटी त्या माणसांनी काढून फाटकाबाहेर ठेवल्या. "नव्या खिडक्यांवर बसत नाहीत, आजी." मधलीवर राजहंसांची जोडी. आख्खा एक हिवाळा बसला होता येफिम त्यांच्यावर. गाव त्यांना बदकं म्हणतं, आणि सगळ्यांत आधी समोरचा प्रोखोर. त्याच्या स्वतःच्या खिडक्यांना आजवर एक चौकट नाही, बिनभुवयांचं घर! राजहंसच आहेत ते. येफिम गेला, तरी मी भांडतेच आहे.

एकटीला उचलवेनात. कंबर धरलीय. उद्या बघू.

४ जून

चौकटी नाहीत.

फाटकाबाहेर ठेवलेलं जुनं लाकूड म्हणजे ज्याला हवं त्याच्या परसातल्या वाफेच्या न्हाणीघराचं सरपण. हे मला का ठाऊक नाही? गेल्या वर्षी प्रोखोरच्या ओसरीच्या फळ्या मीच तशा उचलून आणल्या होत्या. छान पेटल्या. आता कुठल्या तोंडानं विचारू?

८ जून, शनिवार

न्हाण्याचा वार. दुपारपासून प्रोखोरच्या न्हाणीघरातून धूर. रंगवलेलं लाकूड जळल्याचा वास आला — की मलाच वाटला?

"वहिनी, मस्त तापलंय! माझं झालं की तुम्ही या," कुंपणावरून ओरडला. मी पाठ फिरवली. घरातच टबात अंग धुतलं आणि पोटभर रडले. माझ्या माणसाच्या हातचं एवढंच तर उरलं होतं.

११ जून

रविवारी चर्चचा त्रैक्याचा सण, घरांवर हिरव्या डहाळ्या लावायचा. सगळी गल्ली कुंपणं रंगवतेय. पिवळी, हिरवी... न्यूराचं तर फाटकसुद्धा गुलाबी! माझं तसंच. कुंपण रंगवायचं ते चौकटींना शोभावं म्हणून. आता कशाला शोभायचं?

आणि दारात कोण? प्रोखोर! हातात रिकामा डबा. "वहिनी, येफिमचा तो निळा रंग उरलाय का हो? थोडाच हवाय."

"न्या! सगळाच न्या! तेवढंच राहिलं होतं!" रंगाचा डबा त्याच्या पायाशी आदळला. तो काहीतरी सांगत होता. मी दार लावून घेतलं.

१३ जून

प्रोखोरनं घराला पुढून ताडपत्री लावलीय. आत ठोकाठोक. छप्पर गळतंय वाटतं. गळू दे.

१५ जून, शनिवार

सकाळी पडदा सरकवला. समोर ताडपत्री नाही. प्रोखोरच्या तिन्ही खिडक्यांवर येफिमच्या चौकटी! निळ्याशार. वर भूर्जाच्या हिरव्या डहाळ्या, उद्याच्या सणाच्या. प्रोखोर शिडीवर, तोंडात खिळे.

"पावसात भिजल्या असत्या, म्हणून उचलल्या," म्हणाला. "तुमच्याकडे बसत नाहीत, माझ्याकडे बसल्या. त्या दिवशी तेच सांगत होतो, तर तुम्ही दार आपटलंत! मधली सरळ आहे का, ते तरी सांगा."

"डावीकडून जरा वर! आणि उरलेला निळा परत करा, माझं कुंपण राहिलंय!" मी खिडकीतून ओरडले. रडतही होते.

चौकट असते ती रस्त्यासाठी, आत राहणाऱ्याला ती दिसतच नाही. इतकी वर्षं मी जाता-येता पाहिली, हातात बादल्या घेऊन. आज पहिल्यांदा चहा घेत, खुर्चीत बसून, निवांत बघत बसले.

येफिम, बदकंच आहेत रे ती!